ओळखीचा आवाज

“मॅडम, तुमची ही मासोळी जिवंत माणूस ओळखते का?”

बावणेसाहेबांनी विचारलं तेव्हा मी ओल्या कोळशाच्या भुकटीत गुडघे टेकून मरळीच्या पोटाखालचं झाकण घट्ट करत होते. मरळ म्हणजे आमचं पाण्याखाली फिरणारं यंत्र. शाळेच्या दप्तराएवढं, पिवळं, पुढे दोन दिवे, एक कॅमेरा आणि पाण्यातले आवाज टिपणारा एक कान. गढूळ पाण्यात तग धरते म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी तिला त्या माशाचं नाव दिलं होतं.

“ओळखत नाही,” मी म्हणाले. “शोधत जाते. माणूस आहे की नाही ते आपण पडद्यावर बघायचं.”

“बरं,” ते म्हणाले. “शोधू द्या मग.”

बावणेसाहेब खाणीच्या बचाव पथकाचे प्रमुख. दोन रात्री ते झोपले नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातली ती जमिनीखालची कोळशाची खाण आता बंद झाली आहे. आम्ही पोचण्याच्या दोन दिवस आधी दुपारी शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेलं पाणी भिंत फोडून आत घुसलं होतं. पाळीतली बाकीची माणसं उताराच्या बोगद्यानं धावत वर आली. सगळ्यांत खालच्या पंपावर असलेले दोघे आले नाहीत. एक मोरेश्वर आत्राम, तिथलाच. दुसरा राजय्या बोमिडी, मूळचा तेलंगणातला. त्याची माणसं अजून वाटेत होती.

खाणीच्या नकाशावर बावणेसाहेबांनी मला दोन जागा दाखवल्या. एक पूर्वेचा चढ, एक पश्चिमेचा. तिथे बोगदे वर चढत गेले होते, त्यामुळे छताखाली हवा अडकून राहिली असण्याची शक्यता होती. दोघं जिवंत असले तर या दोहोंपैकी एका ठिकाणी. वर जमिनीवर बोअरचं मशीन येऊन उभं होतं. भोक पाडलं की हवा, पाणी, औषध खाली सोडता येणार होतं. पण मशीन एकच होतं, आणि मध्ये कठीण दगडाचा थर होता. पाणबुडे आदल्या दिवशी उतरून परत आले होते. काळ्या पाण्यात त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता आणि छताचे तुकडे पडत होते.

“पूर्व की पश्चिम, एवढंच सांगा मला,” बावणेसाहेब म्हणाले. “बाकी आम्ही पाहून घेतो.”

मी आणि समीर काझी नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होतो. मरळ आम्ही दोघांनी मिळून उभी केली होती. तिला वाटा सांगाव्या लागत नसत, ती शिकलेली होती. संगणकात आम्ही खोट्या खाणी रचल्या, त्यांत तिला हजारो वेळा सोडलं, आणि बुडालेली बाहुली सापडली की तिला बक्षीस दिलं. बक्षीस म्हणजे एक आकडा, दुसरं काय. पण अशा शिकण्यात एक जुनी अडचण असते. ज्या वाटेनं आधी बक्षीस मिळालं तीच धरायची, की जिथे कधी गेलोच नाही तिकडेही जाऊन बघायचं? आणि बघायचं तर किती?

यावर आम्ही दोन तऱ्हा तयार केल्या होत्या आणि वर्षभर त्यांची तुलना करत होतो. पहिली तऱ्हा बहुतेक वेळा माहितीची वाट धरायची, मधूनच फासा टाकल्यासारखं एखादं वेगळं वळण घ्यायची. तिला समीर घरकोंबडी म्हणायचा. दुसरीला नवलाईची ओढ होती. पुढच्या क्षणी काय दिसेल, काय ऐकू येईल याचा ती सतत अंदाज बांधायची, आणि अंदाज जितका चुकेल तितकं तिला जास्त बक्षीस. म्हणजे जिथे नवल वाटेल तिकडे ती खेचली जायची. ती भटकी. यंत्र एकच, डोकी दोन. हवं ते भरायचं.

पहिल्यांदा आम्ही घरकोंबडी पाठवली. बावणेसाहेबांचा आग्रह होता की यंत्र परत आलं पाहिजे, आणि ती हमखास परत यायची. मरळीच्या मागून केसासारखी बारीक काचेची तार सुटत जायची. तारेत दोन धागे होते. एकातून वर चित्र आणि आवाज यायचा, दुसऱ्यातून आमचा हुकूम खाली जायचा.

ताडपत्रीच्या मांडवात टेबलावर पडदा होता. मरळ उताराच्या बोगद्यातून खाली गेली. भिंती, लाकडी टेकू, तरंगणारी एक चप्पल. पुढे एक उलटलेली कोळशाची गाडी आडवी आली. मरळ थांबली, वळली, आणि ओळखीच्या वाटेनं माघारी आली. पुन्हा पाठवली. पुन्हा गाडीपर्यंत जाऊन परत.

“हे तर मी दोरी बांधून बादली सोडली असती तरी झालं असतं,” बावणेसाहेब म्हणाले. रागानं नाही, थकून.

समीर आणि मी मांडवाबाहेर आलो.

“भटकी भरू,” मी म्हणाले.

“भरू. दुसरं काय करणार?” तो म्हणाला. “पण मंजिरी, तिला आपण कॉलेजच्या टाकीतच पाहून राहिलो आहोत वर्षभर. साचलेलं पाणी. इथे काय होईल मला सांगता येत नाही.”

“मलाही नाही. पण गाडीच्या पलीकडे घरकोंबडी जाणार नाही, एवढं दोघांनाही दिसतंय.”

“ते आहेच.” त्यानं चष्मा शर्टाला पुसला. “आणि अडलंच तर हुकमाची तार आहे.”

त्यानंच बॅटरी बदलली आणि भटकी भरली.

मांडवाच्या कडेला दोरी बांधली होती. पलीकडे गावातली माणसं उभी होती. दोरीच्या आत फक्त मोरेश्वरची बायको निर्गुणा आणि त्याचा म्हातारा बाप. बाप खुर्चीवर बसला होता, ती उभीच. तिला कुणीतरी दिलेला चहा हातात तसाच गार झाला होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “आता पुढं जाते का ते?”

“जाईल,” मी म्हणाले.

गेली. गाडीपाशी क्षणभर थांबली आणि गाडी व छत यांच्या मधल्या फटीतून अशी निसटली की मांडवात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पलीकडे बोगदे फुटत गेले. ती एका तोंडात शिरायची, थोडं बघायची, बाहेर यायची, दुसऱ्यात. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ होती. नवल वाटलं की ती चढायची, सरावलं की उतरायची. त्या दुपारी ती सारखी चढत होती. समीर नकाशावर पेन्सिलनं खुणा करत होता आणि मनाशी पुटपुटत होता, “वा बाई, वा.”

एका कोपऱ्यावर तार घासल्याचं पडद्यावर कळलं. चित्र थरथरलं, परत नीट झालं.

समीरनं हुकमाची कळ दाबून पाहिली. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा दाबली. माझ्याकडे पाहिलं.

“खालचा धागा गेला,” तो हळू म्हणाला. “वरचा आहे.”

म्हणजे आम्ही पाहू शकत होतो, ऐकू शकत होतो. तिला सांगू काही शकत नव्हतो. बावणेसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “चालते आहे ना? मग चालू द्या.”

ती चालतच होती. खाली पंपाच्या जागेजवळ पोचली. तिथे बोगदा तीन दिशांना फुटत होता: उजवीकडे पूर्वेचा चढ, डावीकडे पश्चिमेचा, आणि समोर ती भिंत, जी फोडून पाणी आलं होतं. तिथेच आम्हाला तो आवाज आला.

ठक ठक ठक ठक ठक.

मग शांतता. मग पुन्हा तेवढंच.

बावणेसाहेब खुर्चीवरून उठले ते टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. “पाइप ठोकताहेत,” ते म्हणाले. “आपला इशारा आहे हा. जिवंत आहेत.”

दोरीपलीकडून एकच गलका उठला. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी रडायला लागलं. निर्गुणानं चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि ती स्पीकरच्या अगदी जवळ आली.

“हे आहेत का? का राजय्याभाऊ?”

“ते कळत नाही, ताई.”

“दोघंय असतीन,” ती म्हणाली. “एक ठोकते, एक बसते. आळीपाळीनं.”

“कुठून येतोय आवाज?” बावणेसाहेबांनी विचारलं.

पाण्यात आवाज सगळीकडून आल्यासारखाच वाटतो. मरळीला कान एकच. ती थोडी पुढे गेली असती, डावीकडे किंवा उजवीकडे, तर आवाज वाढतो की कमी होतो यावरून सांगता आलं असतं. हिरवी रेघ ताडकन वर गेली होती. तिनं तोंड उजवीकडे वळवलं. पूर्वेच्या चढाकडे जरा सरकली. आवाज किंचित वाढला का? मला वाटलं, वाढला. समीरला तसं वाटलं नाही.

“अजून थोडं जाऊ दे,” तो म्हणाला. “अजून थोडं, बाई.”

ठक ठक ठक ठक ठक. शांतता. ठक ठक ठक ठक ठक.

रेघ उतरू लागली.

मी ती उतरताना पाहत होते. दर वेळी आवाज आला की ती आधीपेक्षा कमी चढायची. तेच ठोके, तेवढेच, तेवढ्याच अंतरानं. आणखी काही वेळानं आवाज आला तरी रेघ हलेना.

मरळ थांबली. हळूहळू वळली, समोरच्या फुटलेल्या भिंतीकडे.

“अरे, तिकडं नाही!” कुणीतरी ओरडलं. “इकडं, इकडं!”

बावणेसाहेबांनी माझा दंड धरला. “वळवा तिला.”

“वळवता येत नाही.”

“काहीतरी करा, मॅडम.”

समीर कळ दाबत होता. ती मेली आहे हे ठाऊक असून दाबत होता.

भिंतीच्या भगदाडातून जुन्या खाणीचं पाणी अजूनही आत येत होतं. तिथे मोठा भोवरा झाला होता. कोळशाची भुकटी, फेस, लाकडाचे तुकडे, सगळं मरळीच्या दिव्यांच्या उजेडात गरगरत होतं, चकाकत होतं. एकदा जसं दिसे तसं पुन्हा दिसत नव्हतं. हिरवी रेघ वर जाऊन वरच राहिली. मरळ त्या भोवऱ्यासमोर जाऊन थांबली आणि तिथून हलली नाही.

स्पीकरमधून ठोके येतच होते.

समीर माझ्या कानाशी आला. “कळलं ना?” मी मान हलवली. टाकीतल्या साचलेल्या पाण्यात भोवरा कधी नव्हता. ठोकणारा माणूसही नव्हता.

“मॅडम,” निर्गुणा म्हणाली, “तिकडं काहून गेली ते?”

“तार तुटली आहे, ताई. आपलं तिला ऐकू जात नाही.”

“पण त्यायचं तर ऐकू येऊन राह्यलं ना तिले?”

ती उत्तराची वाट पाहत थांबली, मग पुन्हा स्पीकरकडे वळली. थोड्या वेळानं तिनं टेबलाच्या लोखंडी पायावर बोटाच्या सांध्यानं ठोकायला सुरुवात केली. खालून ठोके संपले की ही ठोकायची. तिचं खाली पोचणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. कुणी तिला अडवलं नाही.

तसं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. ऊन मांडवाच्या या बाजूकडून त्या बाजूला गेलं. आम्ही सगळे तो भोवरा पाहत बसलो होतो. मधे एकदा मरळीनं जरा तोंड फिरवलं तेव्हा मांडवातली माणसं उठून उभी राहिली. लाकडाचा एक मोठा तुकडा वाहत गेला होता, तिनं तो पाहिला आणि परत वळली. बावणेसाहेबांनी दुसरं यंत्र मागवण्यासाठी फोन केले. ते दूर होतं, विमानानं यायचं होतं. पाणबुड्यांना पुन्हा विचारलं. त्यांच्यातले दोघे तयार झाले, उतरले, आणि गाडीच्या अलीकडेच छत कोसळलं म्हणून त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं.

बॅटरी संपत आली तेव्हा आधी दिवे मंद झाले. चित्र काळं झालं. आवाज मात्र आणखी थोडा वेळ आला. मग स्पीकरमध्ये नुसती खरखर, आणि मग तीही नाही.

निर्गुणाचा हात टेबलाच्या पायाशी थांबला.

“ते थांबले का?” तिनं विचारलं.

“नाही, नाही,” मी म्हणाले. “यंत्र थांबलं. ते नाही थांबले.”

बावणेसाहेब मला आणि समीरला बाजूला घेऊन गेले. “पूर्व की पश्चिम?”

मी म्हणाले पूर्व. समीर म्हणाला त्याला सांगता येत नाही. आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. तो किंचित वाढलेला आवाज खरा होता की मला तसं हवं होतं, ते ऐकून ठरेना. बावणेसाहेब म्हणाले, पळत येणारा माणूस आधी पूर्वेकडेच वळेल, पंपापासून ते जवळ पडतं. त्यांनी पूर्वेला बोअर लावायला सांगितलं.

भोक आरपार गेलं तेव्हा त्यातून कॅमेरा खाली सोडला. चढ होता, हवाही होती. माणसं नव्हती. पश्चिमेला मशीन हलवलं. दगडात एकदा भोक पाडणारं बिट अडकलं, ते काढण्यात आणखी वेळ गेला. शेवटी आरपार गेल्यावर बावणेसाहेबांनी स्वतः पाइपवर हातोड्यानं इशारा दिला आणि कान लावून बसले. बराच वेळ बसले. मग उठून टोपी काढली.

पाणी उपसून पश्चिमेच्या चढावरून दोघांचे मृतदेह बाहेर काढायला आणखी काही दिवस लागले. मी नागपूरला परतले होते. समीर म्हणाला तो आत्रामांकडे येणार नाही. मी गेले. का गेले सांगता येत नाही. न जाणं जमलं नाही, एवढंच.

आत्रामांच्या घरासमोर मांडव होता, पण गर्दी ओसरली होती. निर्गुणानं मला आत ओट्यावर बसवलं. पाणी आणून दिलं. माझ्यासमोर खाली बसली.

“बावणेसाहेब म्हणत होते, पाइपावर घाव पडले होते, चांगले खोल,” ती म्हणाली. “पाना हातातच होता म्हणे. राजय्याभाऊच्या हातात.” मग जरा थांबून, “तुमाले एक विचारू?”

“विचारा.”

“त्या दिवशी तुम्ही तार तुटली म्हणल्या. तार तर तुमच्या कामाची. पण यंत्राले ऐकू येत होतं. आधी तर ठोके ऐकून वळली बी होती. मंग काहून परतली? खरं सांगा. मी कोनाले काही म्हनत नाही.”

मी तिला सांगितलं. तिला कळेल असं सांगायचा प्रयत्न केला. खरं तर मलाच ते पहिल्यांदा साध्या शब्दांत सांगावं लागत होतं. यंत्राला नवीन गोष्टीची ओढ होती. ठोके पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते नवीन होते, म्हणून ते वळलं. पण ठोके दर वेळी तेच, तसेच. त्याला ते ओळखीचे झाले. पुढचा ठोका कधी येणार हे त्याला आधीच कळायला लागलं. पाण्याचा भोवरा मात्र दर क्षणी वेगळा होता. त्याचा अंदाज कधीच येईना, म्हणून ते तिथे राहिलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती.

“म्हणजे एकसारखं ठोकलं म्हणून गेली.”

“हो.”

“आन् वेडंवाकडं ठोकलं असतं, तर थांबली असती?”

“कदाचित. थांबली असती.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “खाणीत नवीन लागले तवा घरी येऊन मले दाखवत होते. वाटीवर चमचा घेऊन. म्हणे, भीती वाटली तरी हात तसाच चालला पाहिजे, एकावर एक, सारखा. पाणी कसंबी वाजते, दगड कसाबी पडते. सारखं वाजलं की वरच्याले समजते, माणूस हाय.”

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं. ती उठेल असं मला वाटलं, पण ती उठली नाही.

“मंग त्यायचं चुकलं का, मॅडम?”

“नाही.” मी म्हणाले. “नाही, ताई. त्यांनी अगदी बरोबर ठोकलं.”

“अखेरपर्यंत?”

“आम्हाला ऐकू येत होतं तोपर्यंत, दर वेळी. एकदाही चुकलं नाही.”

तिनं मान हलवली. मग उठून बाहेर गेली. अंगणात तिचा सासरा बाजेवर बसला होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून ती त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली:

“मामाजी, मॅडम म्हनते, त्यायनं बराबर ठोकलं.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर उभी होते. त्यानं दोन्ही हात जोडले. मला काय करावं ते कळेना, म्हणून मीही जोडले.